बालदमा: दम्याचं ॲप की घरचा व्हॉट्सॲप ग्रुप?

पंप कोणता, किती पफ, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) कसा धरायचा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न त्यापुढचा आहे. रोजचे डोस, खोकल्याच्या रात्री आणि निळा, म्हणजे धाप लागल्यावर आराम देणारा पंप कितीदा लागला याची नोंद फोनवर ठेवायची तर दम्याचं ॲप टाकायचं, की फोनमधलाच गजर आणि घरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो? दोन्ही वापरून मी दुसऱ्या बाजूला झुकलोय. तरी ॲपचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो.

ॲपमध्ये आलेख निघतो. मूल सहाएक वर्षांचं असेल आणि पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणाऱ्या नळीत, नीट फुंकत असेल तर ही मोठी सोय. सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीनदा फुंकायचं आणि तिन्हीतला मोठा आकडा टाकायचा. मूल बरं असतानाचे दोन आठवड्यांचे आकडे जमले की त्यातला सर्वांत मोठा तो त्याचा स्वतःचा आकडा. तो २०० असेल तर १६० किंवा जास्तला हिरवा पट्टा, त्याखाली पिवळा, १०० च्या खाली लाल. ॲप हे रंग आपोआप दाखवतं. ग्रुपमध्ये आकडे नुसते पडून राहतात, उतरती रेषा डोळ्यांना दिसत नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीची सात प्रश्नांची चाचणीही काही ॲपमध्ये असते. त्यातले चार प्रश्न मुलाला आणि तीन पालकांना. २७ पैकी १९ किंवा कमी आले तर दमा आटोक्यात नाही. पण ती कागदावरही दोन मिनिटांत होते, तेवढ्यासाठी ॲप नको.

मला ॲप सोडायला लावलं ते एका बटणाने. त्यावर लिहिलेलं असतं, ‘घेतला’.

सकाळी सातला ॲप वाजतं, पण कुणाच्या खिशात? ज्याने ते टाकलं त्याच्या. बहुतेक घरांत बाबांच्या. बाबा नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेले, गाडी त्रिमूर्ती चौकात, फोन थरथरतो आणि सिग्नलला ते ‘घेतला’ दाबून मोकळे होतात. घरी आईला वाटतं आजीने दिला, आजीला वाटतं आईने. ॲपच्या लेखी डोस गेला. ते दाबलेलं बोट मोजतं, ओढलेला पफ नाही. मग महिनाअखेरीला आलेख झकास, आणि ‘सगळे डोस घेऊनही रात्री खोकला आहेच’ म्हणून डॉक्टर औषध वाढवायच्या विचारात. नोंदच नसती तर त्यांनी निदान विचारलं तरी असतं, डोस नेमके देता का म्हणून.

भरीला बॅटरी वाचवणारी सेटिंग. चार-सहा दिवस न उघडलेल्या ॲपला बरेच अँड्रॉइड फोन झोपवून टाकतात आणि आठवण वाजतच नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनिर्बंध’ केली की बहुधा सुधारतं, पण हे कळायला आधी दोन-तीन डोस चुकावे लागतात. फोनच्या घड्याळातला गजर मात्र सहसा दगा देत नाही.

म्हणून गजर घड्याळातलाच लावा, आणि जो फोन घराबाहेर जात नाही त्यावर लावा. आजीचा असेल तर उत्तम. गजराचं नाव ‘पंप आधी, ब्रश नंतर’ असं ठेवलं की स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरणं वेगळं आठवावं लागत नाही.

ग्रुपमध्ये माणसं तीन किंवा चार. नियम एकच: ज्याने पंप दिला त्यानेच लिहायचं, आणि देऊन झाल्यावर लिहायचं. सकाळच्या डोसाला ‘स २’, रात्रीच्याला ‘रा २’. आराम देणारा पंप लागला तर ‘निळा २, जिना चढून’ किंवा ‘निळा २, पहाटे ३’. यातला ‘निळा’ हा शब्द बदलू द्यायचा नाही. महिनाअखेरीला ग्रुपच्या शोधात ‘निळा’ टाकलं की तारखेसह सगळ्या वेळा समोर येतात. सहा वर्षांपुढच्या मुलाला आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा आणि पाच वर्षांपर्यंतच्याला एकापेक्षा जास्त वेळा तो लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. कंपनी बदलली की पंपाचा रंगही बदलू शकतो, तेव्हा आराम देणाऱ्या पंपावर निळी चिकटपट्टी लावून टाका.

उरलेले पफही ग्रुपमध्येच मोजता येतात. नवा पंप उघडला की ‘नवा पंप, १२०’ असं टाकायचं. सकाळी दोन, रात्री दोन म्हणजे तीस दिवस. सव्विसाव्या दिवसाचा गजर तेव्हाच लावून ठेवायचा. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी नसेल तर हे फार कामाचं, कारण औषध संपल्यावरही डबीतून फुस्स आवाज येत राहतो. हलवून बघणं, पाण्यात तरंगवून बघणं, यांतलं काहीच भरवशाचं नाही.

आता ग्रुपची दुखणी. आजीला टाइप करायचा कंटाळा, त्या बोलून मेसेज पाठवतात, आणि बोललेला मेसेज शोधात सापडत नाही. जो आधी ऐकेल त्याने खाली ‘निळा २’ टाइप करायचं, एवढाच उपाय. आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद आहेत ना, हे पहिल्याच दिवशी बघा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्याचा फोटो वर पिन केलात तर तो जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. त्यापेक्षा मजकूर ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. सुप्रभातचं फूल आलं की लगेच काढायचं, मग ते मामांनी पाठवलेलं असो. आणि धाप लागली असताना ग्रुपवर लिहीत बसायचं नाही. आराखड्याप्रमाणे निळा पंप स्पेसरमधून, एका वेळी एकच पफ. बोलताना वाक्य तुटत असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाचा आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर थेट दवाखाना किंवा १०८.

व्हिडिओचा उपयोग मात्र दोन्हीकडे सारखाच, आणि तो मला आलेखापेक्षा मोलाचा वाटतो. धाप असताना पंप देऊन झाल्यावर मुलाचा सदरा वर करून, गळ्यापासून बेंबीपर्यंत दिसेल असा, चांगल्या उजेडात एक मिनिट घ्या. डॉक्टरांना त्यावरून श्वास मोजता येतात, बरगड्यांमधली ओढ दिसते. दुसरा व्हिडिओ पंप देतानाचा. पंप हलवलाच नाही, मास्क गालावरून उचललेला, दोन पफ एकदम दाबले, अशा चुका त्यातच पकडल्या जातात.

हवेचा आकडा दाखवणाऱ्या ॲपचा मोह नाशिककरांना होणारच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ फोनवर असू द्या, पण गंगापूर रोडच्या केंद्राचा आकडा नाशिक रोडच्या गल्लीला तसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय धुलिकणांसाठी तो निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर बसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नऊला धूर गच्च भरलेला असताना आकडा अजून दुपारची हवा पोटात घेऊनच बोलत असतो. सिंहस्थाच्या कामांसाठी दारासमोरचा रस्ता खोदला असेल तर खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवून बघणं जास्त खरं. ‘निळा २’ च्या पुढे ‘धूळ’, ‘उदबत्ती’, ‘गोधडी काढली’ असा एक शब्द लिहीत गेलात, तर दोन थंड्यांत तुमच्या मुलाला काय बाधतं याची यादी आपोआप तयार होते. ती कुठलंच हवेचं ॲप देणार नाही.

पंपाच्या डोक्यावर बसणारे ब्लूटूथ सेन्सर परदेशात आहेत. त्यांत पंप खरोखर दाबला की नोंद होते, म्हणजे ‘घेतला’ची भानगड मिटते. पण ते ठरावीक पंपांवरच बसतात, शाळेच्या दप्तरातल्या दुसऱ्या पंपाला दुसरा सेन्सर लागतो, आणि इथल्या औषध दुकानात ते मागून मिळतील अशी आशा धरू नका.

घरात एकच माणूस पंप देत असेल आणि फोन त्याच्याचजवळ असेल, तर माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. ॲप खुशाल घ्या. पीक फ्लो रोज फुंकणाऱ्या मुलासाठीही कदाचित तेच बरं. बारा-तेराव्या वर्षी मुलाचा स्वतःचा फोन आला की बटण दाबणारा आणि पंप ओढणारा एकच होतो, तेव्हा परत विचार करायला हरकत नाही. तोवर मात्र रात्री साडेआठच्या गजरानंतर ग्रुपमध्ये ‘रा २’ दिसलं नाही, तर घरी फोन लावायचा.