वाक्प्रचारांचे वाद आणि गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर: रेघ बघा, पण पुस्तकातही डोकवा

इंग्रजीत 'मेक अ डिसिजन' म्हणायचं की 'टेक अ डिसिजन'? मराठीत आपण निर्णय 'घेतो', त्यामुळे 'टेक' आपसूक तोंडात येतं आणि कुणीतरी लगेच ते चूक ठरवतं. असले वाद सोडवायला गूगलचा एनग्रॅम व्ह्यूअर सगळ्यात हाताशी असलेलं साधन आहे. डिसेंबर 2010 पासून ते फुकट उपलब्ध आहे, नोंदणीही लागत नाही. छापील पुस्तकांत एखादा शब्दप्रयोग कोणत्या वर्षी किती प्रमाणात आला, हे ते रेघ काढून दाखवतं. साधन खरोखर चांगलं आहे, पण लोक ते घाईघाईत वापरतात आणि भलत्याच रेघेवरून ठाम निकाल देतात.

वरचे दोन्ही प्रयोग मधे स्वल्पविराम देऊन टाका. 'मेक' बरंच वर दिसेल. आता पुस्तकांचा संच बदलून 'ब्रिटिश इंग्लिश' निवडा: 'टेक'चा वाटा अमेरिकन संचापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. म्हणजे 'टेक' ही चूक नाही, तो ब्रिटिश वळणाचा प्रयोग आहे. संच न बदलता भांडणाऱ्यांना हे कळणारच नाही.

शोधण्याआधी तीन गोष्टी तपासा. 'स्मूदिंग' मुळात 3 वर असतं, म्हणजे प्रत्येक बिंदू मागच्यापुढच्या तीन-तीन वर्षांसह सात वर्षांची सरासरी असतो. कल बघायला ते ठीक, पण प्रयोग नेमका कधी उगवला हे हवं असेल तर ते 0 करा. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद मुळात पाळला जातो, त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल घेऊन आलेला प्रयोग मोजणीतून सुटतो. आणि क्रियापद असेल तर त्याला चिकटून अधोरेषा व कॅपिटलमध्ये आयएनएफ लिहा, म्हणजे 'होन इन ऑन'सोबत 'होन्ड' आणि 'होनिंग'ही येतील. शब्दाच्या जागी तारांकन दिलं तर तिथे सर्वाधिक येणारे दहा शब्द मिळतात. मात्र या सगळ्या युक्त्या एकाच प्रयोगात हव्या तशा एकत्र करता येत नाहीत.

खरी फसगत होते ती अशी. 'डिफरंट फ्रॉम', 'डिफरंट टू' आणि 'डिफरंट दॅन' यांची तुलना करायची म्हणून हे दोन-दोन शब्द टाकले जातात. पण 'इट इज डिफरंट टू सी' यातलं 'टू' पुढच्या क्रियापदाचं आहे, त्याचा या वादाशी काहीच संबंध नाही, तरी ते मोजलं जातं. उपाय सोपा आहे. तिन्ही प्रयोगांना पुढे 'द' जोडा. 'डिफरंट टू द'मध्ये क्रियापद घुसू शकत नाही आणि तुलना बरोबरीची होते. 'कुडन्ट केअर लेस' (मुळीच पर्वा नाही) याच अर्थाने वापरल्या जाणाऱ्या, म्हणून वादात असलेल्या 'कुड केअर लेस'चंही तेच. 'नोबडी कुड केअर लेस' हे व्याकरणाला धरून असलेलं वाक्यही त्याच रेघेत मिसळतं. म्हणून आलेखाखालच्या कालखंडांच्या दुव्यांवर टिचकी मारून पुस्तकातली दहा-वीस वाक्यं वाचलीच पाहिजेत. ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया.

मर्यादा पाच शब्दांची आहे. 'फॉर ऑल इन्टेन्ट्स अँड पर्पजेस' अगदी नेमकं बसतं, आणि त्याचा ब्रिटिशांकडे चालणारा 'टू ऑल'वाला भाऊही. 'द बेस्ट थिंग सिन्स स्लाइस्ड ब्रेड' सहा शब्दांचं, त्यामुळे काहीच सापडत नाही. सुरुवातीचं 'द' काढा. निदान 40 पुस्तकांत न आलेला प्रयोग संचात घेतलेलाच नाही. तेव्हा 'सापडलं नाही' याचा अर्थ 'इंग्रजीत नाही' असा लावू नका.

जुन्या काळाबद्दल जास्त जपून. 1800 च्या आधीच्या छपाईत लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसायचा, आणि यंत्र 'बेस्ट'ला 'बेफ्ट' वाचतं. पुनर्मुद्रणांमुळे जुनं वाक्य नव्या वर्षात मोजलं जातं. विसाव्या शतकाच्या संचात शास्त्रीय लेखनाचा भरणा वाढत जातो, म्हणून बोलीच्या जवळचे वाक्प्रचार तपासताना 'इंग्लिश फिक्शन' हा संच निवडलेला बरा. शिवाय लाखोंनी वाचलेलं पुस्तक आणि कुणीच न उघडलेलं पुस्तक यांना इथे सारखाच मान आहे.

बोलण्यातली भाषा हवी असेल तर एनग्रॅम कामाचा नाही. त्यासाठी 'कोका' हा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह उघडा: 1990 ते 2019 मधले 100 कोटींहून अधिक शब्द, आठ प्रकारांत विभागलेले, त्यात संभाषणही. मोफत खात्यावर शोधांची मर्यादा आहे, आणि पडदा पहिल्यांदा बघताना गोंधळायला होतं. पण शब्दाच्या आजूबाजूला काय येतं हे तिथे एका नजरेत दिसतं. 'कॉज' हे क्रियापद टाका: पुढे 'प्रॉब्लेम्स', 'डॅमेज', 'डेथ' अशी रांग लागते. 'कॉज हॅपिनेस' व्याकरणात बसत असूनही कानाला का खटकतं, ते त्या रांगेवरून कळतं.