पावती खरी, धंदा खोटा: ‘डाका’च्या नव्या अर्जात ४,५५५ डॉलर गेले

आधीच सांगतो, कोण, कुठला ते विचारू नका. अमेरिकेत राहण्याचे माझे कागद चोख आहेत, भाच्याचे नाहीत, आणि लुबाडणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. ज्याला तक्रार करता येत नाही त्यालाच गाठायचं, हेच त्याचं भांडवल.

भाचा २००४ मध्ये सात वर्षांचा असताना ताई-भावोजींबरोबर व्हिजिटर व्हिसावर न्यू जर्सीत आला. व्हिसा संपला, मंडळी राहिली. १५ जून २०१२ ला ओबामांनी ‘डाका’ (DACA, लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कागद नसलेल्या मुलांसाठीची योजना) जाहीर केली तेव्हा तो सगळ्या अटींत बसत होता: सोळाच्या आत आलेला, २००७ पासून इथेच, शाळेत जाणारा. दोन वर्षांचं वर्क परमिट, हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण, पुढे नूतनीकरण. पण भावोजी घाबरले. सरकारला आपणहून पत्ता कशाला द्यायचा? मग २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने नवे अर्ज बंद केले. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाने ते उघडायला लावले, पण तेव्हा कोविडमुळे शाळेचे जुने दाखले मिळेनात. जुलै २०२१ मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशांनी पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना मंजुरी द्यायलाच मनाई केली. ज्यांच्याकडे आधीपासून होतं त्यांचं नूतनीकरण मात्र चालू राहिलं. शेजारचा एक मुलगा उजळ माथ्याने नोकरी करतो आणि आमचा पोरगा रोखीत राबतो, हे बघत बसायचं.

अशात २०२५ च्या सुरुवातीला ओळखीतून हा ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ भेटला. मराठी बोलणारा, दारावर नोटरीची पाटी. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकील असतोच, म्हणून मी निर्धास्त. इथे नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही! त्याने १७ जानेवारी २०२५ च्या अपील कोर्टाच्या निकालाची बातमी पुढे टाकली. “काका, मनाई आता टेक्सासपुरती. बाकी सगळीकडे नवे अर्ज सुरू.” निकाल खरा होता. मीही शोधून वाचला, म्हणजे डोळे झाकून पैसे दिले असं कोणी म्हणू नये. पण तो लगेच लागू झालाच नव्हता, प्रकरण पुन्हा खालच्या कोर्टात गेलं होतं. कायद्याच्या इंग्रजीतून हे वेचून काढायला मी काय बॅरिस्टर आहे?

त्याची फी ३,२००. सरकारी फी ६०५. नंतर ‘फाइल लवकर हलवण्याचे’ ७५०. सगळे झेलने (Zelle, खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवायची सोय), त्याच्या खासगी खात्यात.

भाचा सही करत होता तेव्हा मी फॉर्म चाळला. शेवटी अर्ज तयार करणाऱ्याचं नाव, पत्ता, सही यासाठी जागा असते. कोरी! मी विचारलं. तो हसून म्हणाला, “मुलाने स्वतः भरला असं दिसलं की ऑफिसर सहानुभूतीने बघतात.” आणि मी मान डोलावली. ३,२०० घेणारा माणूस कागदावर स्वतःचं नावही लिहायला तयार नाही, तिथेच खुर्ची मागे सारून उठायला हवं होतं. रात्री अजून ती रिकामी चौकट डोळ्यांपुढे येते.

बरं, मग पावती आली. सरकारी, खरीखुरी. वेबसाइटवर नंबर टाकला की अर्ज मिळाल्याचं दिसायचं. ताईने देवापुढे साखर ठेवली. मेख इथेच आहे, नीट वाचा: नवे अर्ज सरकार स्वीकारतं, पैसेही घेतं, पण त्यावर निर्णय देत नाही. हा बाबा तीच पावती दाखवून गिऱ्हाइकं आणतो. बोटांचे ठसे द्यायला बोलावणं आलंच नाही. महिने गेले. वर त्याचा नवा सल्ला: “आता असायलमचा, म्हणजे मायदेशी छळ होईल म्हणून आश्रय मागायचा, अर्ज टाकू, २,४०० होतील, सहा महिन्यांत वर्क परमिट.” तेव्हा मी खऱ्या वकिलाकडे गेलो. कळलं की असायलमला सहसा देशात आल्यापासून वर्षाची मुदत असते, आणि तो अर्ज फसला की थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस. नाही म्हणता येत असेल तर एवढ्याला तरी म्हणा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच दिलेत, हा दिवाणी मामला. वकिलांवर नजर ठेवणारं कार्यालय म्हणालं, तो वकीलच नाही, मग आम्ही कोणाची सनद काढून घेणार? अहो, वकील नसताना वकिली करतो हीच तर तक्रार आहे! ग्राहक विभागाला लेखी करार हवा. इमिग्रेशनच्या हेल्पलाइनवर यंत्र बोलतं, माणूस लागला तर तो वेबसाइट बघा म्हणतो. आणि जिथे जाल तिथे पहिला प्रश्न, पीडिताचं नाव-पत्ता काय? ताई हात जोडते, नको रे, पोराचं नाव कुठे देऊ नकोस. चोर ऑफिस थाटून बसलाय आणि ज्याचं लुटलं तो पडदे ओढून.

सल्ला फक्त वकिलाचा किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीचा घ्या. तो तुमच्या वतीने जी-२८ फॉर्म (मी यांचा प्रतिनिधी आहे असं सरकारला कळवणारा) भरायला काचकूच करत असेल तर चालते व्हा. कोऱ्या कागदावर सही नको. सरकारी फी सरकारच्याच नावे, मधल्याच्या खात्यात कधीच नाही. ‘डाका’तून ग्रीन कार्ड मिळतं म्हणणारा सरळ खोटं बोलतोय. आधीपासून मिळालेलं असेल तर मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका.

पैसे माझ्या खात्यातून गेलेत, म्हणून स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) माझ्याच नावाने दावा लावतोय. झेलच्या नोंदी आणि “काका, काम झालं समजा” हा त्याचा मेसेज जपून ठेवलाय. तुमच्याकडेही असले मेसेज असतील तर पुसू नका.