मोठ्या असेंब्लीचा लांबणारा रीबिल्ड: लाइटवेट, स्पीडपॅक की फेरमांडणी?

सॉलिडवर्क्स या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधील असेंब्ली (अनेक भाग जोडून केलेले मॉडेल) संथ झाली की अनेक ठिकाणी आधी नव्या ग्राफिक्स कार्डाचा विषय निघतो. पण फाइल उघडायला लागणारा वेळ, मॉडेल फिरवताना बसणारे झटके आणि एखादे माप बदलल्यावर रेंगाळणारा रीबिल्ड (मॉडेलची पुन्हा होणारी गणना) ही तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि ग्राफिक्स कार्डाचा उपयोग मुख्यतः दुसऱ्यालाच होतो. रीबिल्डमध्ये फीचर (भोक, खाच असे भागाचे घटक) एकामागून एक, आधीच्या फीचरच्या आधाराने सोडवली जातात. त्यामुळे त्याचा बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतो. संगणक घ्यायचाच असेल, तर कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग पाहावा.

लाइटवेट मोडमध्ये भागांची सगळी माहिती मेमरीत न आणता गरजेपुरतीच आणली जाते. फाइल लवकर उघडते, मापे घेता येतात, मेटही (भागांना एकमेकांशी बांधणारी बंधने) लावता येतात. डिझाइन रिव्ह्यूसाठी एवढे पुरेसे आहे. मात्र एखादा भाग बदलायला घेतला की तो पूर्ण लोड होतो, आणि टॉप लेव्हलला, म्हणजे थेट मुख्य असेंब्लीत, शेकडो मेट असतील तर तेही सोडवावेच लागतात. ज्याची तक्रार रीबिल्डची आहे, त्याला यातून फारसा दिलासा मिळत नाही.

स्पीडपॅक अधिक खोल जातो. एखाद्या सबअसेंब्लीतले (मोठ्या असेंब्लीत बसणाऱ्या छोट्या असेंब्लीतले) निवडक पृष्ठभाग किंवा बॉडी (घन आकार) तेवढ्या खऱ्या ठेवल्या जातात आणि उरलेले सारे केवळ चित्रापुरते राहते. तयार गिअरबॉक्स किंवा पूर्ण झालेले कन्व्हेयर मोठ्या यंत्रात बसवायचे असेल, तर मला हाच मार्ग सर्वांत चांगला वाटतो. किंमत मात्र मोजावी लागते: चित्रापुरत्या भागाला मेट लागत नाही, ड्रॉइंगमध्ये त्याच्या कडांना माप देता येत नाही, आणि मूळ सबअसेंब्ली बदलली की स्पीडपॅक अद्ययावत करायची आठवण ठेवावी लागते. रोज बदलणाऱ्या सबअसेंब्लीवर तो वापरू नये.

फेरमांडणीला, म्हणजे भागांची अवलंबित्वे आणि मेट यांची रचना सुधारायला, दिवस लागतात, पण खरा गुण तिनेच येतो. मोटरच्या फ्लँजवरून प्लेटची भोके असेंब्लीतच काढली, प्लेटवरून ब्रॅकेट आखले आणि ब्रॅकेटवरून कव्हर, की मोटर जराशी सरकवली तरी ही सारी साखळी पुन्हा सोडवली जाते. ट्रीमध्ये (भागांच्या बाजूच्या यादीत) भागाच्या नावापुढे '->' दिसले की ते असे बाहेरचे अवलंबित्व समजावे. डिझाइन ठरल्यावर ते लॉक करता येते आणि मग खुणेच्या जागी '->*' दिसते. टॉप लेव्हलचे सुटे भाग सबअसेंब्लीत घालणे आणि बोल्टवर कोरलेल्या खऱ्या आट्यांऐवजी कॉस्मेटिक थ्रेड (आट्यांची नुसती खूण) वापरणे, हीसुद्धा याच कामात मोडतात. विक्रेत्याकडून आलेल्या स्टेप फाइलला (वेगवेगळ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइलला) मात्र रीबिल्डचा दोष देऊ नये; तिला फीचरचा इतिहासच नसतो, ती जड पडते ती स्क्रीनवर.

निवड करण्यापूर्वी सॉलिडवर्क्समधले परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन हे साधन चालवावे. कोणता भाग रीबिल्डला किती वेळ घेतो, ते तिथे दिसते. ड्रॉइंग दोन दिवसांत द्यायची असतील, तर आज फेरमांडणी सुरू करू नये. ज्यांना मापे द्यायची नाहीत अशा सबअसेंब्ली स्पीडपॅकमध्ये टाकाव्यात, ठरलेली अवलंबित्वे लॉक करावीत आणि मेटना हात लावणे ड्रॉइंग गेल्यावरच करावे.