साखर १२६ की ७.०? ग्लुकोमीटर घेताना कोणतं एकक निवडावं

भावाने मँचेस्टरहून आईसाठी साखर मोजायचं मशीन पाठवलं. पहिल्याच सकाळी त्यावर ९.४ आकडा आला आणि आई हादरली. दशांश चिन्हाचा साखरेचा आकडा तिला एकच ठाऊक, तो म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचा, एचबीए१सीचा. तो ९.४ टक्के आला तर डॉक्टर औषधं बदलतात. मशीन मात्र मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजत होतं. आपल्या हिशेबात उपाशीपोटी साधारण १६९. जास्तच, पण तिच्यासाठी नवीन नाही.

भारत आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालतं, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ग्लुकोजचं वजन किती. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल, म्हणजे एका लिटरमध्ये रेणू किती. मोल हे १९७१पासून आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतलं मूलभूत एकक आहे, आणि १९७७ साली जागतिक आरोग्य सभेने वैद्यकातही हीच पद्धत वापरावी अशी शिफारस केली. ग्लुकोजचा रेणुभार सुमारे १८० आणि डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा भाग, म्हणून आपल्या आकड्याला १८ने भागलं की मिलिमोल मिळतात. उपाशीपोटी मधुमेहाची सीमा इथे १२६, तिथे ७.०. साखर फार उतरल्याची खूण इथे ७०, तिथे ३.९.

शास्त्र म्हणून मला मिलिमोलच पटतं, आणि त्याचं कारण आपल्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये सापडतं. त्यात सोडियम बहुधा मिलिमोलमध्ये असतं (किंवा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, सोडियमसाठी आकडा तोच), साखर आणि युरिया मात्र मिलिग्रॅममध्ये. रक्तात विरघळलेले, पाणी ओढणारे कण किती, म्हणजे त्याची ऑस्मोलॅलिटी किती, हे काढायचं तर तिन्ही एकत्र धरावे लागतात. सगळं मिलिमोलमध्ये असेल तर हिशेब सरळ: सोडियमची दुप्पट, अधिक साखर, अधिक युरिया. आपल्या रिपोर्टवरून करताना आधी साखरेला १८ने आणि युरियाला ६ने भागायचं. अमेरिकेत युरियाऐवजी त्यातलं फक्त नायट्रोजन मोजतात, तिथे भाजक २.८. हे भाजक निसर्गात कुठे नाहीत, आपण वजनात मोजतो म्हणून ते येतात. पाणी ओढणाऱ्या कणांची संख्या महत्त्वाची, त्यांचं वजन नव्हे.

आणि तो १८ फक्त ग्लुकोजचा. कोलेस्टेरॉलला ३८.७ने भागावं लागतं, ट्रायग्लिसराइडला ८८.६ने. सगळ्यालाच १८ लावणारी माणसं मी पाहिली आहेत.

घरच्या वापरात मात्र मिलिग्रॅमची एक बाजू भक्कम आहे. आकडा पूर्णांकात येतो. ५.६मधला टिंब चष्म्याशिवाय सुटला तर ५६ वाचलं जाईल, आणि ५६ म्हणजे आपल्याकडे ताबडतोब साखर खायची वेळ. बारकाव्याची तुलना करण्यात अर्थ नाही. घरगुती मशीनच्या वाचनात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक आंतरराष्ट्रीय मानकातच मान्य आहे.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या देशातला डॉक्टर उपचार करतो, त्या देशाचं एकक. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर यात तडजोड करूच नये. एका युनिटने साखर ५० उतरते असं इथल्या डॉक्टरने लिहून दिलं असेल, तर मिलिमोलच्या मशीनवर ती साधारण २.८ उतरेल, आणि हा हिशेब रात्री दोन वाजता कुणी करू नये. ब्रिटनमध्ये स्थायिक होणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून मिलिमोलची सवय लावावी. तिथे २०११पासून एचबीए१सीसुद्धा टक्क्यांत देत नाहीत, आपला ६.५ टक्के तिथे ४८ (मिलिमोल प्रति मोल) होतो. जीवशास्त्र किंवा औषधनिर्माण शिकणाऱ्या मुलांनी दोन्ही शिकावं, पण विचार मोलमध्ये करावा.

विकत घेण्याआधी खोक्यावर छापलेलं एकक वाचा. बऱ्याच मशीनमध्ये ते कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, सेटिंगमध्ये जाऊन बदलता येत नाही. आईसाठी शेवटी आम्ही इथल्याच दुकानातून दुसरं घेतलं.