कीपॅड फोन (फोर जी, ड्युअल सिम): १९ वर्षांच्या भावासाठी घेतला, वापरून झाल्यावर लिहितेय

ज्यांच्या घरात पोरगं रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाईलमध्ये असतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय, त्यामुळे लांबेल, पण पूर्ण वाचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण या किमतीत सगळ्या कंपन्यांचे फोन जवळपास सारखेच आहेत, बघायचं काय असतं ते मात्र सांगते.

आम्ही सोलापूरचे, विजापूर रोडला राहतो. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते. भाऊ डिप्लोमाला आहे. त्याचा गेम म्हणजे विमानातून शंभर जण उड्या मारतात आणि शेवटी एक टीम उरते तो, नाव सगळ्यांना माहितीच आहे. एक मॅच अर्ध्या तासाची असते त्यामुळे "अक्का, ही लास्ट" म्हणला की अर्धा तास गेलाच, आणि मधनं उठायचं तर बाकीचे तिघं लटकतात, ते तिघं पण ओळखीचे, एक तर आमच्याच गल्लीतला, म्हणजे उठला की दुसऱ्या दिवशी बोलणी खायची. वरनं सीझन संपला की रँक खाली येतो आणि परत चढवायला बसायचं. रोज लॉगिन केलं की काहीतरी बक्षीस, रोजच्या मिशन, एक दिवस चुकला की काहीतरी हुकल्यासारखं वाटणार. हे सगळं मी त्याच्याजवळ बसून समजून घेतलं आणि तेव्हा कळलं की "पोराला इच्छाशक्ती नाही" असं म्हणणं किती चुकीचं आहे, ते बनवलंच असं आहे की उठू नये.

मॅच नसली की रील्स. जेवताना रील्स, बाथरूममध्ये रील्स, झोपताना उशीखाली फोन. दोन विषय राहिले, सकाळचं लेक्चर तर बंदच, डोळे लाल, आणि आई काही बोलली की अंगावर यायचा, जो आधी कधी वर मान करून बोलला नव्हता. आईच्या डोळ्यात पाणी बघवत नव्हतं.

आधीचे उपाय सगळे करून झाले. अप्पांनी वायफाय बंद केलं, तर मित्राच्या हॉटस्पॉटवर. गेम डिलीट केला, परत डाउनलोड. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग असतं त्यात ॲपला टायमर लावता येतो, पण फोन ज्याचा त्यालाच तो टायमर काढता पण येतो, त्यामुळे थोडीफार सवय असलेल्या माणसाला ते चांगलं आहे, ज्याला मध्यरात्री हात थांबत नाही त्याला त्याचा काय उपयोग. फॅमिली लिंक (पालकांनी पोरांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं ॲप) वगैरे लहान पोरांना ठीक आहे, १९ वर्षांच्या मुलाच्या फोनची चावी आपल्याकडे ठेवणं मला तरी बरोबर वाटलं नाही.

शेवटी मी १४४१६ ला फोन लावला. टेली मानस, केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. समोरच्या मॅडमनी खूप शांतपणे ऐकलं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या, खेळायला बसल्यावर थांबणं त्याच्या हातात राहतं का, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर गेलाय का, आणि नुकसान दिसत असून पण चालूच आहे का. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर म्हणून आजारांच्या यादीत जे घातलंय (आयसीडी ११, १ जानेवारी २०२२ पासून लागू) त्यात हेच तीन बघतात, आणि साधारण १२ महिने असं चाललेलं असावं लागतं, फार बिघडलं असेल तर त्याआधी पण धरतात. म्हणजे सुट्टीत चार दिवस खेळत बसलेलं प्रत्येक पोरगं आजारी नसतं, हे पण लक्षात घ्या आणि उगाच पोरांच्या मागे लागू नका. मॅडमनी एक सांगितलं ते फार महत्त्वाचं होतं, फोन हिसकावून घेऊ नका, त्यालाच विचारा काय करायचं, आणि आधी झोप नीट करा.

मग एका रात्री गच्चीवर आम्ही दोघंच बसलो. मी काहीच उपदेश केला नाही, नुसतं विचारलं की तुला काय वाटतंय. बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणला, "अक्का, डिलीट करून काय होत नाही ओ, परत टाकायला दहा मिनिटं लागतात. फोनच नको मला. साधा डबडा दे." हा फोन घ्यायची कल्पना त्याची आहे, माझी नाही, आणि या रिव्ह्यूमधली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. त्याच्यावर लादला असता तर तिसऱ्या दिवशी कुणाकडनं तरी जुना स्मार्टफोन मिळवला असता.

नवी पेठेत गेलो. दुकानदारानं तीन-चार पीस काउंटरवर मांडले आणि मला विचारलं, "ताई, आजींसाठी का?" भाऊ म्हणला, "मला पाहिजे." दुकानदारानं त्याच्याकडं एकदा बघितलं, काहीच बोलला नाही, एक पीस बाजूला सारला आणि म्हणला, "मग हा नको, यात व्हिडिओ चालतात." भला माणूस.

तर घेताना बघायचं काय. एक, सिम कुठलं आहे. जिओचं असेल तर टू जी फोन चालतच नाही, जिओचं टू जी नेटवर्कच नाही, फोर जी कीपॅडच घ्यावा लागतो. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचं सिम साध्या टू जी फोनमध्ये पण चालतं आणि तो अजून स्वस्त पडतो. दोन, फोर जी म्हणजे इंटरनेट आलं, आणि काही फोर जी कीपॅड फोनमध्ये यूट्यूब, सिनेमे, क्रिकेट सगळं छोट्या स्क्रीनवर येतं. ज्याला सवय सोडायचीय त्यानं तो घेऊ नये, माणूस दोन इंचाच्या स्क्रीनवर पण तासन्‌तास बघत बसतो. बॉक्सवर लिहिलेलं नीट वाचा, दुकानात चालू करून मेनू उघडून बघा. आमच्या फोनमध्ये कॉल, मेसेज, एफएम, टॉर्च, अलार्म आणि तो जुना सापाचा गेम आहे, बास. सापाचा गेम पहिल्या दिवशी खेळला, नंतर उघडलेला मी तरी बघितला नाही.

आवाज मोठा आहे, टमटममध्ये बसून पण ऐकू येतं. बॅटरी रोज चार्ज करावी लागत नाही. अलार्म जबरदस्त आहे, आणि हे वाटतं तेवढं साधं नाही, कारण आधी अलार्म बंद करायला म्हणून स्मार्टफोन हातात घ्यायचा आणि तिथनंच रील्स चालू व्हायचे, अंथरुणात तास जायचा. आता अलार्म बंद केला की फोनमध्ये बघायला काहीच नाही, म्हणून उठतो. एफएमला वायरचा इअरफोन लावावा लागतो, तोच अँटेनाचं काम करतो, तो वेगळा घ्या. आता अप्पा पण संध्याकाळी त्याच्याकडनं मागून घेऊन आकाशवाणी सोलापूर ऐकतात.

आता त्रास. मेसेज टाइप करणं म्हणजे परीक्षा आहे. इंग्रजी अक्षरात नुसतं "येतो" लिहायचं तर ९ तीनदा, ३ दोनदा, ८ एकदा, ६ तीनदा दाबायचं. पहिले काही दिवस वैतागून फोन गादीवर आपटायचा, आता सरळ कॉल करतो. कॅमेरा असून नसल्यासारखा, वहीचा फोटो काढला तर एक अक्षर वाचता येत नाही.

आणि व्हॉट्सॲप, सगळी पोरं इथंच अडकतात. कॉलेजचं सगळं ग्रुपवर येतं, असाइनमेंट, टाइमटेबल, सुट्टी. आम्ही केलं असं की घरातल्या जुन्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलं. आम्ही जोडलं तेव्हा मेन फोन बंद असला तरी लॅपटॉपवर चालायचं, पण १४ दिवस मेन फोन वापरलाच नाही तर लॅपटॉपवरनं लॉगआउट व्हायचं. म्हणून त्याचा स्मार्टफोन आईच्या कपाटात आहे, रविवारी दुपारी बाहेर येतो, हॉलमध्ये सगळ्यांसमोर बसून काय अपडेट-बिपडेट करायचं ते करतो आणि स्वतःच परत देतो. लॅपटॉप पण हॉलमध्येच, खोलीत न्यायचा नाही, हा नियम सगळ्यांना आहे, मला पण. ओटीपी कीपॅड फोनवर येतात, साधा एसएमएसच असतो तो. हो, व्हॉट्सॲपचा आणि कॉलिंगचा नंबर एकच ठेवा, आमचं तरी सिम कीपॅडमध्ये घातल्यावर व्हॉट्सॲप जुन्या फोनवर वायफायवर चालू राहिलं, फक्त परत रजिस्टर करायची वेळ आली तर कोड कीपॅडवर येईल एवढंच.

पैशाचं म्हणाल तर साध्या फोनवरनं पण यूपीआय होतं, १२३ पे म्हणून रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये आणलंय, कॉल करून बटणं दाबत पैसे जातात. नाहीतर *९९# डायल करून पण होतं. पण चहाच्या टपरीवर मागे लोक उभे असताना कोण एवढं करणार, अप्पा त्याला रोख देतात आणि खरं सांगते, रोख असल्यानं खर्च पण कमी झाला, कारण आधी गेममधले कपडे, बंदुकीचं कव्हर असल्या गोष्टींवर पैसे जायचे आणि कळायचंच नाही. आमच्या ओळखीतल्या काकांनी विचारलं की सरकारनं गेम बंद केले ना. तर २०२५ च्या ऑगस्टमधला जो कायदा आहे त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आहे, हे असले गेम त्यात येत नाहीत, ते चालूच आहेत. त्यामुळे कायदा येऊन आपलं पोरगं उठवेल म्हणून वाट बघू नका.

फोन घेतला आणि झालं असं बिलकुल नाही. पहिला आठवडा वाईट होता. चिडचिड, जेवण कमी, रात्री बाराला उठून घरात फेऱ्या, हात खिशाकडं जायचा आणि बटणं चाचपून परत यायचा. आई घाबरली, म्हणली दे बाबा त्याला परत. तेव्हा त्यानंच सांगितलं, "आई, देऊ नको." रात्रीचे नऊ ते अकरा हेच त्याचे मेन खेळायचे तास, आणि ते मोकळे राहिले तर फोन कुठला का असेना, पोरगं मित्राच्या घरी जाऊन खेळणार. गेला पण होता एकदा-दोनदा, लपवलं नाही, येऊन सांगितलं.

ते तास भरले लेझीमनं. गणपतीच्या आधी आपल्याकडं मंडळांचा लेझीमचा सराव किती जोरात असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्याच्या जुन्या शाळेतल्या पोरांच्या मंडळात नाव घातलं आणि रोज रात्री जेवून जायला लागला. हलगी सुरू झाली की दोन तास कसे जातात कळत नाही म्हणतो. पहिल्या दिवशी घरी आला तर शर्ट घामानं पिळून काढावा असा, तळहाताला फोड, आणि चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. आंघोळ केली, दूध-भाकरी खाल्ली आणि अकराला झोपला. गेममध्ये पण त्याला टीमच पाहिजे होती, एकत्र करायचं काहीतरी पाहिजे होतं, आणि एखादी गोष्ट चांगली जमली की चार जणांनी वाहवा करावी असं वाटत होतं, ते सगळं इथं मिळालं. गणपतीनंतर पार्क स्टेडियमला सकाळी पळायला जायला लागला, तिथं मंडळातलीच दोन पोरं असतात. तुमच्या पोराला लेझीम आवडेलच असं नाही, पण फोन बदलायच्या आधी त्या तासांचं काय करायचं ते ठरवा. आधी ठरवा, मग फोन घ्या.

आता राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटलाय, एक बाकी आहे. रविवारी स्मार्टफोन हातात आला की अजून थोडा वेळ रील्स बघतो, बघू दे. गल्लीतला तो टीममेट आधी चिडला होता, आता विचारत होता कितीला पडला म्हणून.

स्टार देते पाचपैकी चार. एक स्टार टायपिंग आणि कॅमेऱ्यासाठी कापला. कुणी घेऊ नये ते पण सांगते. ज्याचं कामच फोनवर आहे, डिलिव्हरी वगैरे करणारा, त्याला हा चालणारच नाही. आणि ज्या घरात पोरगं फोन काढला की मारहाण करतं, जीव देईन म्हणतं, तिथं फोन बदलण्याच्या भानगडीत पडू नका, आधी १४४१६ ला बोला किंवा सरळ सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभागात दाखवा, यात लाजायचं काही नाही.

रिचार्जचं पण सांगून टाकते कारण दुकानदार डेटावालेच पॅक आधी दाखवतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं (मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक पण ठेवा, तेव्हापासून ते मिळतात, ८४ दिवसांचा पण आहे आणि वर्षाचा पण. ॲपमध्ये खाली कुठंतरी असतो, शोधावा लागतो. आम्ही ८४ दिवसांचा मारला, डेटा शून्य. किमती बदलत राहतात त्यामुळे मारायच्या आधी एकदा बघून घ्या, आणि फोनचं पक्कं बिल मागून घ्या, बॅटरी-चार्जरची वॉरंटी फोनपेक्षा कमी असते, ती दुकानातच विचारून बिलावर लिहून घेतलेली बरी.