एकाच डोक्यावर एफयूटी आणि एफयूई: मागच्या बाजूचा रिव्ह्यू

माझी केस प्रत्यारोपणाची दोन ऑपरेशनं झालीत, एक एफयूटी (मागच्या कातडीची पट्टी कापून त्यातून ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे पुंजके, सोडवतात) आणि एक एफयूई (बारीक गोल पंचने एकेक ग्राफ्ट काढतात). हा रिव्ह्यू डोक्याच्या मागच्या बाजूचा, म्हणजे जिथून केस काढतात तिथला आहे, आधीच सांगतो, म्हणजे पुढचे फोटो मागणाऱ्यांचा वेळ वाचेल. पुढून माझं बरं आहे. दोन्ही वेळचं बरं आहे. मुळात हेअरलाइन चांगली दिसते की नाही हे ग्राफ्ट कुठल्या पद्धतीने काढला त्यावर ठरतच नाही, तो लावला कसा त्यावर ठरतं, म्हणजे अगदी कडेला एकेका केसाचे ग्राफ्ट, त्यामागे दोन-तीन केसांचे, चिरेचा कोन पुढे झुकलेला आणि कड थोडी वेडीवाकडी. मागचा केस पुढे नेऊन लावला तरी तो मागचाच गुण, म्हणजे न गळण्याचा, धरून राहतो, हे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्येच मांडलं होतं आणि दोन्ही पद्धती त्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. तरी क्लिनिकवाले पट्टी बरी का पंच बरा ही तुलना पुढचाच फोटो दाखवून करतात. जिथे फरक नाही तिथलाच फोटो!

माझं असं झालं की आधी एफयूटी, पुढच्या भागासाठी. मधे काही वर्षं गेली, क्राऊन, म्हणजे डोक्याचा भोवऱ्याचा भाग, उघडा पडत गेला, आणि वर्षभरापूर्वी एफयूई. क्लिनिकं वेगवेगळी, नावं घेणार नाही, मला भांडण वाढवायचं नाहीये, फक्त राग काढायचाय. पट्टी कशी काढतात, पंच कसा फिरवतात हे परत लिहीत बसत नाही, इथपर्यंत आलाय म्हणजे व्हिडिओ बघून झालेलेच असणार.

तर मुद्दा आहे ट्रिमरच्या नंबरचा.

एफयूटीच्या आधी मला सांगितलं होतं की एक बारीक रेघ राहते, केसांखाली दिसत नाही. खरंय, नाही दिसत, पण किती केसांखाली? हे कोणी बोलत नाही. ट्रिमरला जी प्लॅस्टिकची कॅप लावतात त्यात एक नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १० च्या आसपास आणि चार म्हणजे १३. माझी रेघ चार नंबरला अजिबात दिसायची नाही, तीनला मान खाली घातली की जाणवायची आणि दोनला तर सरळसरळ दिसायची, या कानापासून त्या कानापर्यंत. मला हे कळलं ते एका कटिंगवाल्यामुळे, त्याने न विचारता मागे दोन नंबर फिरवला आणि घरी आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, मागे काय लागलंय तुला? टाके घातले होते का?" तिला तोपर्यंत काही माहीतच नव्हतं. तेव्हापासून खुर्चीत बसल्या बसल्या माझं पहिलं वाक्य "मागे चार", बाकीच्या गप्पा नंतर.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय. पण विचार करा, डोक्यावर कायमची रेघ पाडताय आणि कन्सल्टेशनमध्ये तासभर नॉरवूड ग्रेड (टक्कल किती पुढे गेलंय त्याची पायरी), डेन्सिटी, हेअरलाइनचा शेप यावर चर्चा होते, पण "तुम्ही मागे केस किती बारीक ठेवता हो?" हा एक फुकटचा प्रश्न कोणी विचारत नाही. ज्याला कायम केस मोठेच ठेवायचेत त्याला एफयूटीची रेघ असली काय नि नसली काय. ज्याला फेड कट लागतो त्याने एफयूटीच्या वाटेला जाऊच नये. एका प्रश्नात निम्मा निर्णय होतो की!

आता रेघेच्या रुंदीचं. चांगल्या हातची रेघ एक-दोन मिलिमीटरमध्ये बसते, माझीसुद्धा मधल्या भागात तशीच आहे. पण उजव्या कानामागे ती फाकलीय, तीन-चार मिलिमीटर सहज असेल. विचारायला गेलो तर उत्तर काय, तुमची स्किनच तशी आहे. अहो, मग कापायच्या आधी काय बघितलंत? मागची कातडी किती सैल आहे हे हाताने सरकवून बघतात आणि त्यावरून पट्टी किती रुंद घ्यायची ते ठरवतात, कारण पट्टी रुंद झाली की शिवताना ताण येतो आणि ताण आला की रेघ रुंदावते. वर फाइलमध्ये लिहिलंय ट्रायकोफायटिक क्लोजर, म्हणजे एका कडेचा पातळ थर छाटून टाके घालतात, त्यामुळे केस रेघेतूनच वर येतात आणि ती झाकतात. कानामागच्या त्या पट्ट्यात तेव्हा एक केस आला नाही. फॉलोअपला पुढून, दोन्ही बाजूंनी, वरून फोटो काढले. मी म्हटलं मागून पण काढा, तर म्हणे सर ते आमच्या फॉर्मॅटमध्ये नाही. आणि हो, त्यांचा 'आधी'चा फोटो ओल्या केसांवर फ्लॅश मारून काढलेला आणि 'नंतर'चा केस वाळवून, विंचरून, मऊ उजेडात. असं काढलं तर ऑपरेशन न करतासुद्धा फरक दिसेल.

एवढं बोलून एफयूटीचं एक कौतुक करायलाच हवं. पट्टीपुरतेच केस भादरतात, वरचे केस खाली पडले की टाके झाकले जातात, त्यामुळे मागून कोणाला पत्ता लागला नाही. पुढे खपल्या होत्या तेवढं टोपीने भागलं. त्रास वेगळा होता. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा-चौदा दिवस, मान खाली घातली की मागे ओढ बसायची, आणि रेघेच्या वरचा भाग कित्येक महिने बधिर होता, कंगवा लागलेला कळायचा नाही. वजन उचलू नका म्हणाले होते ते मी पाळलं, तरी कानामागे फाकायचं ते फाकलंच.

एफयूईला हे काही नाही. पूर्ण डोकं भादरलं, मागे लाल ठिपके, आठवडा-दहा दिवसांत खपल्या गेल्या. भूल देताना टोचतं ते दोन्हीकडे तेवढंच टोचतं, त्या पहिल्या इंजेक्शनांबद्दल कोणी खरं बोलत नाही, पण नंतर एफयूईत दुखणं असं जवळजवळ नाहीच. चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली, पण ती दोन्ही वेळेला उतरली. पहिले काही महिने मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो की एफयूटी विसरा, तो जुना प्रकार झाला. (एफयूई पण काही कालची नाही, २००२ मध्ये तिच्यावरचा पेपर आला.)

आता तसं म्हणत नाही.

कारण मागचे केस पूर्ण वाढल्यावर एकदा अंघोळीनंतर दोन आरसे धरून नीट बघितलं. ओले केस, वर ट्यूबलाइट. रेघेच्या वर आणि कानांच्या वर बाजूला विरळपणा दिसत होता जो आधी नव्हता. केस वाळले की दिसत नाही, पण आहे. आणि एका नंबरला बारीक पांढरे ठिपके दिसतात, उन्हात जास्त. 'स्कारलेस' म्हणून जे विकतात ते साफ खोटं आहे, प्रत्येक भोकाचा व्रण राहतोच, फक्त तो पसरलेला असतो.

मग मी हिशोब मांडला, सवय आहे मला. पंच साधारण ०.८ ते १ मिलिमीटरचा असतो. ०.९ धरा, तर एका भोकाचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस मिलिमीटरच्या आसपास. असे दोन हजार ग्राफ्ट काढले तर सगळी मिळून जवळजवळ १३ चौरस सेंटिमीटर. आणि माझी ती बदनाम रेघ? वीस सेंटिमीटर लांब आणि सरासरी दोन मिलिमीटर रुंद धरली तरी ४ चौरस सेंटिमीटर. भोकं भरताना आकसतात, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका, पण एफयूईत व्रण कमी हा माझा समज तिथेच गेला. व्रण कमी नसतो, वाटून दिलेला असतो.

आणि डोनरचं, म्हणजे जिथून केस काढतात त्या भागाचं, पण तसंच. कापडातून पट्टी कापून दोन्ही कडा शिवल्या तर कापड आखूड होतं पण वीण तशीच दाट राहते, आणि सगळीकडून एकेक धागा ओढून काढला तर कापड तेवढंच राहतं पण विरविरीत होतं. पहिली एफयूटी, दुसरी एफयूई. म्हणून एफयूईत एका बैठकीत जास्तीत जास्त ग्राफ्ट काढायचा जो सपाटा चालतो तो धोक्याचा, मागचं डोकं कसर लागल्यासारखं झालेले लोक मी वेटिंगमध्ये बसलेले बघितलेत, ते दुरुस्तीसाठी आले होते. शिवाय न गळणाऱ्या केसांचा पट्टा मागे तेवढाच असतो, तो संपत आला की काहीजण हळूच वर किंवा मानेकडे सरकतात, आणि तिथला केस पुढे गळू शकतो. म्हणजे ग्राफ्टचे पैसे देऊन गळणारा केस लावून घेतला.

टक्कल बरंच पुढे जाणार असेल तर आधी एफयूटी आणि नंतर एफयूई या क्रमाने एकूण ग्राफ्ट जास्त निघतात असं बरेच सर्जन सांगतात. माझा क्रम तोच लागला, अर्थात मला तेव्हा कोणी हे समजावून वगैरे नव्हतं दिलं. दुसऱ्यांदा पट्टी काढली तरी जुनी रेघ तीतच काढून टाकतात आणि रेघ एकच राहते, हेही मला एफयूई झाल्यावर कळलं.

ग्राफ्टच्या दर्जाचं थोडक्यात. पट्टीचे ग्राफ्ट मायक्रोस्कोपखाली सोडवतात, मुळाभोवती चरबी राहते, धट्टेकट्टे असतात. पंचने काढताना कातडीखाली मूळ कुठे वळलंय ते दिसत नाही, त्यामुळे मूळ कापलं जायची भीती जास्त, कुरळ्या केसांना अजून जास्त, आणि निघालेला ग्राफ्ट उघडानागडा, लवकर सुकणारा. हात चांगला असेल तर दोन्ही उगवतात. माझा पुढचा भाग क्राऊनपेक्षा दाट दिसतो, पण ते पद्धतीमुळे असं मी म्हणणार नाही, क्राऊनला भोवरा असतो, केस सगळ्या दिशांना फाकतात आणि तेवढ्याच ग्राफ्टमध्ये तिथे कमीच दिसतं.

आता ज्याची मी अपेक्षाच केली नव्हती ते. एफयूईच्या वेळी दुसरे डॉक्टर कानामागची ती फाकलेली रेघ बघून स्वतःहून म्हणाले, थोडे ग्राफ्ट यात लावूया, व्रणात रक्तपुरवठा कमी असतो त्यामुळे सगळे जगणार नाहीत, विरळच लावतो. मी हो म्हटलं पण मनात म्हटलं गेले हे पण ग्राफ्ट वाया. इतर केसांसारखेच तेही आधी गळले, तीन-चार महिने शुकशुकाट, आणि मग हळूहळू आले. सगळे नाही आले. पण जे आले त्यांनी तीन नंबरला रेघ पुसून टाकली! दोन्ही ऑपरेशनं मिळून सगळ्यात कमी ग्राफ्ट तिथे लागले आणि सगळ्यात जास्त समाधान त्यांनी दिलं. आता खुर्चीत बसलो की बिनधास्त "मागे तीन" सांगतो. एफयूईला माझ्याकडून जे काही स्टार आहेत ते या एका कामाचे.

पैशाचं एकच सांगतो. ग्राफ्टवर पैसे असतील तर किती ग्राफ्ट हे विचारून थांबू नका, एक केसवाले किती, दोनवाले किती, तीनवाले किती ते लिहून मागा. तीन केसांचा एक ग्राफ्ट फाडून तीन केले की बिल तिप्पट आणि केस तेवढेच. हेअरलाइनला एकेरी लागतात हे बरोबर, पण क्राऊनमध्ये एकेरीच एकेरी दिसले तर विचारायचा हक्क आहे तुम्हाला. मला दुसऱ्या ठिकाणी हा कागद मिळाला, पहिल्या ठिकाणी "सर आमच्यावर विश्वास ठेवा" मिळालं.

आणि पंच कोणाच्या हातात असणार तेही आधीच विचारा. हेअरलाइन आखून डॉक्टर गायब आणि भोकं पाडायला भलतीच माणसं, हे जगभर इतकं चालतं की केस प्रत्यारोपण करणाऱ्या सर्जनांची आयएसएचआरएस नावाची आंतरराष्ट्रीय संघटना त्याविरुद्ध मोहीम चालवते. माझ्याकडे काढण्याचं काम डॉक्टरांनी स्वतः केलं, लावायला टेक्निशियन होते.

गोळ्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी: ट्रान्सप्लांट गळती थांबवत नाही, आजूबाजूचे मूळचे केस आपल्या गतीने जातच राहतात, माझा क्राऊन तसाच गेला. फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल काय ते तुमच्या डॉक्टरला विचारून घ्या, मी सांगणार नाही.

क्राऊनला स्टार आत्ता देत नाहीये. पुढचा भाग वर्षभरात कळतो, क्राऊनला दीड वर्षापर्यंत लागू शकतं. तेव्हा ओल्या केसांवर, ट्यूबलाइटखाली, मागून आणि वरून फोटो काढून इथेच टाकतो. पहिल्या क्लिनिकला कानामागचा फोटो पाठवलाय, त्यांचं उत्तर आलं की पुढच्या फोटोंसह छान रिव्ह्यू लिहिलात तर पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचतात त्या) सेशनवर सूट देऊ.