स्पॅमअसॅसिन की आरस्पॅमडी: अडकलेला मेल कुठे सापडतो?

छोट्या ऑफिसचा मेल सर्व्हर स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मेल घेणारं-पाठवणारं पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट चालू आहे असं धरतो. स्पॅमअसॅसिन आणि आरस्पॅमडी हे दोन्ही स्पॅम फिल्टर मी वापरलेत. स्पॅम पकडण्यात मला तरी फारसा फरक जाणवला नाही. बेझला, म्हणजे जुन्या मेलवरून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाला, आधी दोनशे स्पॅम आणि दोनशे चांगले मेल शिकवावे लागतात, तेही दोन्हीकडे सारखंच.

खरी कसोटी लागते ती चांगला मेल अडकला की. अकाउंट्समधून फोन येतो, "साहेब, पार्टी म्हणते कोटेशन सकाळीच पाठवलंय, आपल्याकडे काहीच नाही." मेल जंकमध्ये असेल तर स्पॅमअसॅसिनचा रिपोर्ट, म्हणजे कोणत्या रूलने किती गुण दिले ती यादी, वाचून कारण कळतं. पण मिल्टरने, म्हणजे मेल आत येतानाच तो फिल्टरकडून तपासून घेणाऱ्या जोडणीने, तो दारातूनच परत पाठवला असेल, तर रिपोर्ट बघायला मेलच नसतो. उरते स्पॅमडीच्या (स्पॅमअसॅसिनच्या मागे चालणाऱ्या सेवेच्या) लॉगमधली एक ओळ. तिच्यात एकूण स्कोर आणि रूलची नावं मिळतात, कोणत्या रूलने किती गुण टाकले ते नाही. मग स्कोरची फाइल उघडायची. तिथे बऱ्याच रूलपुढे चार-चार आकडे असतात, कारण बेझ आणि नेटवर्क चाचण्या चालू की बंद यावर गुण बदलतात. स्पॅम ठरवणारी पाच गुणांची मर्यादा नेमकी कोणी ओलांडली हे शोधेपर्यंत पार्टीचा दुसरा फोन येतो. मी कंटाळलो तो इथेच.

आरस्पॅमडीच्या वेब पानावर हिस्टरी उघडली की रिजेक्ट झालेला मेलही दिसतो, प्रत्येक सिम्बॉल (लागू झालेल्या रूलचं इथलं नाव) आणि त्याच्या गुणांसकट. मराठी मेलच्या बाबतीत आर_मिक्स्ड_चारसेट या सिम्बॉलवर जरूर नजर ठेवा. एकाच शब्दात दोन लिप्या आल्या तर तो गुण चढवतो, आणि आपण तर इंग्रजी अक्षरांतल्या जीएसटीला 'चे' सर्रास चिकटवतो. त्याचे गुण मी त्याच पानावरून कमी केले.

खटकणाऱ्या गोष्टी आरस्पॅमडीतही आहेत. माहिती साठवणारं रेडिस सांभाळावं लागतं. मूळ सेटिंगमध्ये चार गुणांवर ग्रेलिस्टिंग होतं, म्हणजे मेल तात्पुरता नाकारून पुन्हा पाठवायला लावला जातो; त्यात ओटीपीचा मेल अडकला तर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. मी ग्रेलिस्टिंग बंदच ठेवलंय. रिजेक्टची पंधराची मर्यादा मात्र तशीच आहे.

ओळखीच्या पार्टीला सूट देताना, फिल्टर कोणताही असो, नुसत्या फ्रॉम पत्त्यावर देऊ नका. तो पत्ता कोणीही लावू शकतो. स्पॅमअसॅसिनमध्ये पाठवणारा खरा ठरला तरच सूट देणारं वेलकमलिस्ट_ऑथ आहे, आरस्पॅमडीत मल्टिमॅपला (पत्त्यांच्या यादीवरून चालणाऱ्या रूलला) डीकेआयएम किंवा एसपीएफ या पाठवणाऱ्याच्या डोमेनची खात्री करणाऱ्या चाचण्या पास झाल्याची अट जोडता येते.

स्पॅमअसॅसिनला मेल सर्व्हरशी जोडणाऱ्या अमाविसबरोबर वर्षानुवर्षं घडवलेले स्वतःचे रूल असतील आणि तक्रारी येत नसतील, तर स्पॅमअसॅसिन हलवायची घाई मी करणार नाही. सर्व्हर नव्याने उभा करत असाल आणि असे फोन तुम्हालाच घ्यावे लागणार असतील, तर मी आरस्पॅमडीच घ्या म्हणेन.